दुपारी बंद पडणारं सोलर चार्जिंग स्टेशन: रीसेट मारण्याआधी काय बघायचं

तक्रार साधारण अशी असते. छतावर सोलर, खाली बॅटरी, पुढ्यात दोन फास्ट चार्जर आणि एक साधा एसी चार्जर, बाजूला जाळीच्या कुंपणात हायड्रोजनचा संच. सगळं नवंकोरं. आणि तरी दिवसाआड दुपारी बाराच्या सुमारास गाडी लावलेली असताना चार्जर थांबतो. स्क्रीनवर लाल अक्षरं. ऑपरेटर रीसेट मारतो, चालू होतं. संध्याकाळपर्यंत काही नाही. परवा पुन्हा तेच.

अशा स्टेशनांच्या देखभालीत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे, "रीसेट मारलं की चालतंय ना, मग चार्जरमधलं सर्किटचं कार्डच खराब असणार." मग कार्ड बदललं जातं. आठवड्याभरात नवं कार्डही जुन्यासारखंच वागायला लागतं. रीसेटनं चालू होणं याचा बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो, की तुम्ही पॅनेलपर्यंत चालत जाऊन बटण दाबेपर्यंत मूळ कारण तिथून निघून गेलेलं असतं. त्या तीन-चार मिनिटांत काय निघून गेलं, ते शोधायचं.

आधी घड्याळं जुळवा

पॅनेल उघडू नका. आधी चार्जर, सोलर इन्व्हर्टर, बॅटरीचा इन्व्हर्टर आणि ईएमएस (म्हणजे या सगळ्यांत वीज वाटून देणारा कंट्रोलर) यांच्या स्क्रीनवरची वेळ एकापाठोपाठ कागदावर लिहून काढा. एका ठिकाणी मला इन्व्हर्टर सात मिनिटं मागे सापडला होता आणि चार्जरचा लॉग चक्क ग्रीनिच वेळेनं लिहिला जात होता. दोन्ही लॉग शेजारी ठेवून तिथल्या लोकांनी महिनाभर डोकं खाजवलं होतं, कारण चार्जरच्या लॉगमध्ये बंद पडल्याची जी वेळ होती, त्या वेळी इन्व्हर्टरच्या लॉगमध्ये जेमतेम उजाडलं होतं.

घड्याळं एका वेळेवर आणली की पुढच्या तीन घटनांची वाट बघा. प्रत्येक वेळी चारही लॉग उतरवून घ्या आणि शेजारी एक साधी गोष्ट हातानं लिहा: ऊन होतं, ढग होता, की पाऊस. हा शेवटचा रकाना लिहायला लोकांना लाज वाटते, पण बारापैकी आठ वेळा निकाल तिथेच लागतो.

ढग येतो तेव्हा नेमकं काय होतं

वर म्हटलेल्या ठिकाणचेच आकडे देतो. भर उन्हात सोलर ८५ किलोवॅट देत होता. ग्रिडकडून घेण्याची मर्यादा ४० किलोवॅट. दोन्ही फास्ट चार्जरवर गाड्या लागल्या होत्या आणि मिळून ११० किलोवॅट ओढत होत्या. ८५ आणि ४० मिळून १२५, म्हणजे कागदावर सगळं बसतंय. मग ढग आला. मोकळ्या आकाशातला एखादा जाड ढग पॅनेलवरून सरकतो तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या आत सोलर २५ किलोवॅटवर येऊ शकतो. आता २५ अधिक ४०, म्हणजे ६५. उरलेले ४५ किलोवॅट बॅटरीनं द्यायचे, त्यासाठीच तर ती बसवलेली.

बॅटरीनं दिले नाहीत. तिची पातळी २० टक्क्यांवर होती आणि त्याखाली जायचं नाही असं सेटिंग होतं. ती थांबली, तूट ग्रिडवर गेली, मर्यादेवर लक्ष ठेवणाऱ्या रिलेनं पाच सेकंद वाट पाहिली आणि काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सोडला. ईएमएस चार्जरना "कमी ओढा" असा हुकूम दर १५ सेकंदांनी देत होता. म्हणजे हुकूम पोचायच्या आत खेळ संपलेला. चार्जरला यातलं काहीच माहीत नाही, त्याला दिसलं ते समोरचं व्होल्टेज गेलं. त्यानं स्क्रीनवर इनपुटचा फॉल्ट दाखवला आणि सगळ्यांनी चार्जरला धरलं. ऑपरेटर येईपर्यंत ढग पुढे सरकला होता.

बॅटरी भर दुपारी २० टक्क्यांवर का? कारण सकाळी आठ ते दहा सोलर अजून कमजोर असताना तीन गाड्यांनी ती रिकामी केली होती. साडेअकराला ऊन चढलं तसं ईएमएसनं त्या क्षणीचं सोलर बघून चार्जरची कमाल मर्यादा वर नेली. बॅटरीत काय शिल्लक आहे हे त्यानं बघितलंच नाही. दुपारच्या बिघाडाचं मूळ असं सकाळच्या हिशेबात होतं.

उपाय चार्जरमध्ये नाही, ईएमएसच्या नियमात करायचा. चार्जरना किती वीज वाटायची हे ठरवताना ग्रिडची मर्यादा पूर्ण धरायची, बॅटरी या घडीला जेवढी खरंच देऊ शकते तेवढी धरायची, आणि बॅटरी तळाला असेल तर सोलरचा फक्त तो भाग धरायचा जो ढगाखालीही उरतो. दाट ढगात पॅनेल भर उन्हाच्या साधारण पाचवा-चौथा हिस्सा देतात, तेवढाच हिशेबात घ्या. बॅटरी भरत जाईल तशी मर्यादा आपोआप वर जाऊ दे. दुसरं म्हणजे सकाळच्या गाड्यांसाठी बॅटरी थेट २० पर्यंत उतरवू नका, ३५ ला थांबवा. त्या मधल्या १५ टक्क्यांचं काम एकच: ढग आला की ईएमएस जागा होईपर्यंतची काही सेकंदं तोलून धरणं. गाडीवाल्याला सकाळी चार्जिंग थोडं हळू होतं हे खरं, पण हळू चालणारा चार्जर बंद पडणाऱ्यापेक्षा त्याला कधीही परवडतो.

रिलेचा वेळ वाढवून टाकावा असं सगळ्यांना पटकन सुचतं. ग्रिडच्या अटींत बसत असेल तरच त्याला हात लावा, आणि तोही सगळ्यात शेवटी.

आणखी एक. फास्ट चार्जरला मर्यादा देताना शून्य देऊ नका. सीसीएस (फास्ट चार्जिंगची एक प्रमाण जोडणी) असलेल्या गाडीशी चार्जरचं जुन्या डीआयएन ७०१२१ पद्धतीनं बोलणं चालू असेल तर त्यात थांबून पुन्हा सुरू होण्याची सोयच नाही. शून्य मिळालं की सत्र संपलं, गन (केबलच्या टोकाचा प्लग) काढून परत लावावी लागते. गाडीवाला चहा प्यायला गेलेला असला की तो परत येईपर्यंत गाडी तशीच उभी. आठ-दहा किलोवॅटचा तळ ठेवा आणि तेवढं ग्रिडवरून येऊ द्या.

एसी चार्जर: सहा अँपियरची भानगड

"फक्त सोलरवर चार्ज" असं सेटिंग ठेवलेल्या एसी चार्जरची तक्रार वेगळी असते. तो बंद पडत नाही, चालू-बंद चालू-बंद करत राहतो, आणि मग कधीतरी गाडीच हट्टाला पेटते. वीज उपलब्ध असते, चार्जर हिरवा असतो, गाडी मात्र घेत नाही.

आयईसी ६१८५१ या चार्जिंगच्या मानकानुसार चार्जर गाडीला कंट्रोल पायलटच्या तारेवर १ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो आणि त्या सिग्नलच्या रुंदीवरून गाडीला कळतं की किती अँपियर घ्यायचे. यात सर्वांत कमी आकडा ६ अँपियर आहे. त्याखाली काही नाही, थेट बंद. २३० व्होल्टवर एका फेजला ६ अँपियर म्हणजे जेमतेम १.४ किलोवॅट, पण तीन फेज असतील तर ४.१ किलोवॅट. म्हणजे तीन फेजच्या चार्जरला सोलरचे ३.५ किलोवॅट शिल्लक असले तरी चार्जिंग बंद, ४.३ झाले की चालू. ढगाळ दिवशी ही उडी तासात वीस वेळा होते. काही गाड्यांचा आतला चार्जर अशा काही फेऱ्यांनंतर कंटाळून झोपतो आणि गन काढून लावल्याशिवाय उठत नाही.

चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी वेगवेगळी ठेवा. समजा ४.८ ला चालू आणि ३.५ ला बंद, आणि बंद करण्याआधी किमान पाच ते दहा मिनिटं थांबा. त्या मिनिटांत जी थोडी वीज ग्रिडवरून येईल ती येऊ दे. 'शंभर टक्के सोलर'चा हट्ट धरून गाडीतले काँटॅक्टर झिजवण्यात काय शहाणपण आहे, मला आजवर कळलेलं नाही. चार्जरला एका फेजवर उतरायची सोय असेल तर ती वापरा. मात्र उतरताना मध्ये नीट खंड पडतोय का बघा, चालू करंटमध्ये फेज बदलणं गाड्यांना चालत नाही.

ढग नाही, कडक ऊन, तरीही बंद

मग मल्टिमीटर काढा. लाइनच्या टोकाला असलेल्या स्टेशनवर दुपारी चार्जरवर गाडी नसेल तर सोलरची सगळी वीज ग्रिडकडे ढकलली जाते आणि जागेवरचं व्होल्टेज चढतं. २३० वर दहा टक्के म्हणजे २५३. त्याच्या आसपास गेलं की सोलर इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, काही मिनिटांनी परत जोडतो. त्याच मध्यंतरात कुणी गाडी लावली तर तिला कधी सोलर मिळतो, कधी नाही. इन्व्हर्टरच्या लॉगमध्ये 'ओव्हरव्होल्टेज' बारा ते दोनमध्येच दिसत असेल तर कारण हेच. ट्रान्सफॉर्मरचा टॅप, केबलची जाडी किंवा इन्व्हर्टरचं व्होल्ट-वॅट सेटिंग (व्होल्टेज चढेल तशी वीज कमी करणारं), यांपैकी काहीतरी एक. हे काम लाइन सांभाळणाऱ्यांना विचारून करायचं.

नाहीतर धुळीनं बुजलेला एअर फिल्टर. हसू नका. पॉवर मॉड्यूल तापलं की चार्जर आधी निम्म्यावर येतो, मग थांबतो. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर उत्तर हातात आहे.

सकाळचा इन्सुलेशन फॉल्ट

ही तक्रार दुपारची नाही, पण तिचंही वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे किंवा पावसाच्या दुसऱ्या दिवशी पहिली गाडी लावली की 'इन्सुलेशन फॉल्ट', दहानंतर तीच गाडी तोच चार्जर बिनतक्रार चालतो.

सीसीएसमध्ये चार्जिंग सुरू होण्याआधी चार्जर केबलवर व्होल्टेज चढवून धन-ऋण तारा आणि अर्थ यांच्यातला रोध मोजतो. दर व्होल्टला १०० ओहमच्या खाली गेला तर चालू करायचं नाही, हा नियम. ५०० व्होल्टच्या गाडीला म्हणजे ५० किलोओहम. गनच्या तोंडातला दवाचा एखादा थेंब आणि त्यात विरघळलेली धूळ एवढी एवढीशी वाट सहज करून देते.

एकदा अशी गन हातात घेऊन टॉर्च मारली. ती खुंटीवर तोंड वर करून टांगलेली होती, तिचं झाकण कधीच तुटून गेलेलं. खालच्या मोठ्या पिनच्या बुडाशी पाण्याचा टपोरा थेंब अडकलेला, पिनेभोवती हिरवट कडं, आणि त्यात एक मेलेली मुंगी. चार्जरचं इन्सुलेशन मॉनिटरिंग कार्ड त्याआधी दोनदा बदललं गेलं होतं.

गन तोंड खाली करून टांगा, झाकण बसवा, कोरड्या हवेनं फुंका. हिरवट कडं आलेली गन घासून वापरू नका, बदला. हे सगळं करूनही फॉल्ट एकाच गाडीला येत असेल आणि दुसऱ्या गाडीला नाही, तर दोष गाडीत आहे. दोन गाड्या, दोन गनवर आलटून पालटून लावून बघायला पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यातून निघणारं उत्तर कुठल्याही लॉगपेक्षा स्वच्छ असतं. इन्सुलेशनची तपासणी सेटिंगमधून बंद करून काम भागवणारे भेटतात. त्या केबलवर गाडीतले पाचशे-आठशे व्होल्ट डीसी असतात. असं करणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका.

हायड्रोजनच्या बाजूला: "दुसऱ्या गाडीला भरत नाही"

पहिली गाडी चार-पाच मिनिटांत भरून जाते. लगेच मागे लागलेल्या गाडीला डिस्पेन्सर (गाडीत वायू भरणारा पंप) मध्येच थांबतो किंवा टाकी पूर्ण न भरताच 'पूर्ण' म्हणतो. अर्धा तास थांबून लावलं की व्यवस्थित.

नेहमीचे संशयित दोन. एक, साठ्याचा दाब. ७०० बारच्या गाडीला भरायला साठ्यात त्याहून बराच जास्त दाब लागतो. टाक्यांचे कमी, मध्यम आणि उच्च दाबाचे गट असतात आणि पहिली गाडी उच्च गट उतरवून जाते. तो कॉम्प्रेसर परत चढवेपर्यंत दुसऱ्या गाडीनं थांबायचं. दोन, थंडावा. बहुतेक वायू अरुंद जागेतून पसरताना गार होतात, हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला उलट तापतो. त्यात टाकीत कोंबला जाताना दाबानं आणखी तापतो. गाडीच्या टाकीला ८५ अंशांची मर्यादा आहे म्हणून ७०० बारला वायू आधी उणे ३३ ते उणे ४० अंशांपर्यंत गार करून देतात. एसएई जे २६०१ या हायड्रोजन भरण्याच्या मानकाप्रमाणे भरणं सुरू झाल्यावर ३० सेकंदांत त्या पट्ट्यात यायला हवं. पहिल्या गाडीनं चिलरचा गारवा खाल्ला असेल तर दुसरीला ते जमत नाही.

आता लॉग त्याच कागदावर आणा, ज्यावर ढग लिहिलाय. सोलरवर चालणाऱ्या स्टेशनात ईएमएसला लोडची यादी दिलेली असते: ढग आला की कुणाला आधी तोडायचं. त्या यादीत कॉम्प्रेसर आणि चिलर मी 'थांबवता येण्याजोगे' म्हणून पाहिले आहेत. ज्यानं यादी केली त्याला तो मोठा पंप दिसला असणार. मग होतं असं की चार्जरवरच्या गाड्या वाचवण्यासाठी ईएमएस कॉम्प्रेसर थांबवतो, आणि वीस मिनिटांनी हायड्रोजनच्या रांगेतली दुसरी गाडी अर्धवट भरते. ढग आणि तक्रार यांच्यात वीस मिनिटांचं अंतर, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. यादीत इलेक्ट्रोलायझर (विजेनं पाण्यापासून हायड्रोजन बनवणारा संच) आधी तोडा, कॉम्प्रेसर शेवटी, आणि चिलर गाडी रांगेत असताना अजिबात नाही.

इलेक्ट्रोलायझर तोडायचा म्हणजेही सारखा चालू-बंद करायचा नाही. एक किलो हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते, म्हणून हावरेपणानं प्रत्येक उन्हाच्या तुकड्यावर तो चालू करण्याचा मोह होतो. पण सुरू झाल्यावर ड्रायरमधून येणारा पहिला वायू ओलसर असतो. गाडीच्या फ्युएल सेलसाठी (हायड्रोजनपासून वीज करणारा भाग) आयएसओ १४६८७ हे शुद्धतेचं मानक पाण्याला फक्त ५ पीपीएम देतं, म्हणून तो वायू बाहेर सोडावा लागतो. दिवसात पंधरा वेळा चालू-बंद केला तर कमाईतला बराच भाग आकाशात जातो. कमी क्षमतेवर सलग चालवा. अल्कलाइन प्रकारचा असेल तर फार कमी क्षमतेवरही नको, कारण तेव्हा ऑक्सिजनच्या बाजूला हायड्रोजन झिरपण्याचं प्रमाण वाढतं आणि संच सुरक्षिततेसाठी स्वतःच बंद होतो.

टाकी दर वेळी थोडी अपुरी भरत असेल, आणि दाब व गारवा दोन्ही ठीक असतील, तर नोझलच्या तोंडाभोवतीची इन्फ्रारेडची काच पुसा. गाडी आपल्या टाकीचा दाब आणि तापमान तिथून सांगते. काचेवर धूळ किंवा हिम असेल तर डिस्पेन्सर अंधारात भरतो आणि सावधपणे लवकर थांबतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि नोझल गाडीला चिकटणं. दमट हवेत दोन-तीन गाड्या पाठोपाठ भरल्या की नोझलवर पांढरं हिम चढतं, पकडीतला ओलावा गोठतो आणि नोझल सुटत नाही. ओढू नका, ठोकू नका, गरम पाणी तर मुळीच ओतू नका. ते पाणी पकडीत राहतं आणि पुढच्या गाडीला आणखी घट्ट चिकटतं. थांबा, ते आपणहून सुटतं. रोजचं झालं असेल तर नोझलच्या घरट्यात कोरड्या हवेची किंवा नायट्रोजनची हलकी फुंकर सोडण्याची सोय करून घ्या.

इथे हात थांबवा

गळतीचा सेन्सर वाजला आणि रीसेट मारल्यावर गप्प झाला, तरी ती रीसेटची बाब नाही. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के कितीही असला तरी पेटतो आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. कुंपण रिकामं करा आणि संच बसवणाऱ्यांना बोलवा. साबणाच्या पाण्यानं बुडबुडे दिसले म्हणून पाना घेऊन फिटिंग आवळायला जाऊ नका. १० जून २०१९ ला नॉर्वेत सँडविका इथल्या हायड्रोजन स्टेशनवर स्फोट झाला. तपासात निघालं ते एवढंच, की उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे आतले बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते. ते आवळणं ठरलेल्या टॉर्कनं, दाब उतरवून, त्याच कामाच्या माणसानं करायचं असतं.

ते येतील तेव्हा त्यांच्या हातात द्यायचा कागद असा हवा: तीन घटनांच्या वेळा एकाच घड्याळाप्रमाणे, त्या वेळी सोलर, ग्रिड आणि बॅटरीची पातळी, कोणती गाडी कोणत्या गनवर, आधीची गाडी किती मिनिटांपूर्वी गेली, आणि आकाश कसं होतं. माझ्याकडे असा कागद पहिल्यांदा आला तेव्हा त्यावर कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिलं होतं, "ढग, मोठा, पश्चिमेकडून." पॅनेल उघडावं लागलं नाही.